तेच

अप्पांना वहीत टिंबं मारलेली खपत नसत. वरच्या ओळीतलंच खाली लिहायचं असलं की सगळं जग दोन टिंबं मारून मोकळं होतं. अप्पा मात्र बागेच्या रजिस्टरात एका जातीची साठ झुडपं नोंदवायची झाली तर पहिल्या आकड्यापुढे जातीचं नाव लिहीत आणि उरलेल्या एकोणसाठ आकड्यांपुढे, न कंटाळता, "तेच" असा शब्द लिहीत. "झाडाला निदान एक शब्द तरी मिळायला नको का?" असं म्हणायचे. तेव्हा ते हेडमाळी होते. हेडमाळीपण कधीच संपलं, हट्ट तेवढा शिल्लक आहे.

मी त्यांची मुलगी. त्याच बागेच्या नोंदणी खोलीत सत्तावीस वर्षं नोकरी करते. अकरा हजार झाडांची नावं, क्रमांक आणि वाफे मला तोंडपाठ आहेत, पण खरं सांगायचं तर मला झाडं ओळखता येत नाहीत. तगर कुठली आणि अनंत कुठला असं कुणी विचारलं की मी आधी पाटी शोधते. लहानपणी अप्पांनी माझ्यापुढे खूप डोकं फोडलं. "पान तोड. पांढरा चीक आला, तर तगर. नाही आला, तर अनंत. यात अवघड काय आहे?" मी पान तोडायची, चीक बोटांना चिकटायचा आणि पुढच्या झाडापाशी जाईपर्यंत सगळं विसरायची. दोन्हींची फुलं पांढरी, दोन्हींची पानं हिरवीगार आणि चकचकीत. देवानेच एवढा आळस केलाय तर मी कशाला मेहनत घेऊ, असं माझं म्हणणं.

अक्षर मात्र माझं मोत्यासारखं. तेविसाव्या वर्षी त्या अक्षरावरच मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. काम एकच, जुनी रजिस्टरं नव्यात उतरवून काढायची. जुनी म्हणजे अप्पांच्या हातची. पानापानावर मातीचे अंगठे, पाण्याचे ओघळ, मध्येच एखादी चिकटून वाळलेली पाकळी. मी ती निळ्या शाईत, एकही खाडाखोड न करता उतरवली. तेव्हाचे साहेब ते रजिस्टर टेबलावर उघडं ठेवायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. मी समोरच्या खुर्चीवर बसून लाजल्यासारखं करायची.

त्याच दिवसांत अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. काचबिंदू होता आणि दाखवायला उशीर झाला होता. ते पंधरा दिवस दवाखान्यात असताना साहेबांनी बागेच्या मागच्या भिंतीलगत झुडपांचं कुंपण करायचं ठरवलं. माझं रजिस्टर उघडून बघितलं. तगर, डबे साठ, सगळे तेच. रोपांचे साठ डबे हातगाड्यावर चढले, कुठला कुठे हे न बघता तीन-तीन फुटांवरच्या खड्ड्यांत रिकामे झाले आणि क्रमांक घातलेले पत्र्याचे डबे भंगारात गेले. अप्पा घरी आले तेव्हा त्यांचा एक डोळा गेलेला होता आणि दुसऱ्याला जेमतेम उजेड कळत होता. कुंपणाची बातमी ऐकली आणि माझा हात धरून ते थेट साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, त्या साठांत एक वेगळं होतं," ते म्हणाले.

"वेगळं म्हणजे?"

"उलटं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. तगरीच्या फुलाच्या पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या वळलेल्या असतात, सगळ्या तगरींच्या एकाच बाजूला. कळीलाही तोच पीळ. पण डोंगरातून पानमाती आणायला गेले असताना त्यांनी एक रोप मुळासकट उचलून आणलं होतं. पान तेच, चीक तोच, फूल तसंच पांढरं आणि तेवढंच. पीळ तेवढा दुसऱ्या बाजूचा. असं दुसरं झाड त्यांनी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "नोंद आहे का तशी?"

मी छाती काढून म्हणाले, "नाही साहेब. सगळे तेच आहेत. मी स्वतः उतरवलंय."

अप्पांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मग "असेल" एवढंच म्हणाले आणि दाराची चौकट चाचपत बाहेर पडले.

तेव्हापासून बागेत त्यांचं नाव पडलं उलटे अप्पा. ते फाटकाशी येऊन बसले की जाणारा-येणारा माळी विचारायचा, "काय अप्पा, सापडलं का तुमचं उलटं झाड?" कुंपण म्हटलं की कातरणं आलं. दर दुसऱ्या शनिवारी त्या रांगेचे शेंडे उडायचे, कळी धरायच्या आतच. सत्तावीस वर्षांत त्या रांगेला चुकूनमाकून चार फुलं आली असतील. त्यामुळे अप्पांचं खरं की खोटं हे ठरायची सोयच नव्हती, आणि ज्याचं खरं-खोटं ठरत नाही त्याची चेष्टा करायला लोकांना फार बरं वाटतं. पुढे पुढे अप्पा फाटकाशी यायचेच बंद झाले. बागेच्या मागे आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. तिथल्या खिडकीत बसून राहायचे.

यंदा त्या भिंतीलगत सांडपाण्याचा मोठा नळ टाकायचं ठरलं. रांग काढून टाकायची. अडीच महिन्यांपूर्वी तसा कागद निघाला आणि माळ्यांनी कातर टाकली. "चाललेल्याची कशाला हजामत करायची!" असं त्यांचं म्हणणं. रांग वाढली, माझ्या डोक्याच्या वर गेली आणि पांढऱ्याशुभ्र फुलांनी अशी लगडली की ओळखू येईना. मी रोज तिच्या कडेने ऑफिसात जात होते. छान दिसतंय, एवढंच मनात आलं आणि पुढे गेले.

निर्लेखनाचा फॉर्म भरणं माझ्याकडे होतं. म्हणजे झाडं रजिस्टरातून कमी करायचा कागद. खोदाईचं मशिन दुसऱ्या दिवशी सकाळी सातला येणार होतं आणि मी नेहमीप्रमाणे शेवटच्या दुपारी फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, "मूळ नोंद". नव्या रजिस्टरावर भागलं असतं, पण मला कुठलाच रकाना अर्धवट सोडवत नाही. म्हणून भांडारात गेले, मोडक्या फवारणी पंपांमागची पत्र्याची पेटी ओढली आणि अप्पांचं जुनं रजिस्टर काढलं.

क्रमांक एक, तगर. दोन, तेच. तीन, तेच. पानं ठिसूळ झाली होती, म्हणून मी एकेका ओळीवर बोट ठेवत हळूहळू खाली आले. अडतीस, तेच. एकोणचाळीस, तेच. चाळीस, तेच. एकेचाळीस.

माझं बोट थांबलं. शब्द तसाच होता, तेवढाच, दोन अक्षरी, वर तीच मात्रा, शेवटी तोच च. पण पहिल्या अक्षराचं पोट काही खरं वाटेना. अप्पांच्या त चं पोट दांडीच्या मधोमध चिकटलेलं असतं. ह्याचं वरच्या रेघेला लोंबत होतं. मी रजिस्टर घेऊन खिडकीशी गेले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. तेच नव्हतं ते. "पेच" होतं, म्हणजे पीळ. शेजारी पेनाची एक बारीकशी गिरकी काढलेली होती. ती मला आठवली. सत्तावीस वर्षांपूर्वी शाईचा डाग समजून मी ती सोडून दिली होती.

एकोणचाळीस वेळा तेच लिहिल्यावर हात आपोआप चाळिसाव्यांदा तेच लिहितो. डोळे बघतसुद्धा नाहीत. मी भांडारातल्या उलट्या बादलीवर मटकन बसले. अप्पांनी लिहून ठेवलं होतं. त्यांचा शब्द रजिस्टरात होता, आणि तो मी, माझ्या मोत्यासारख्या अक्षराने, पुसून टाकला होता. साहेबांनी हे पान वाचलं असतं तर पेच म्हणजे काय हे नक्की विचारलं असतं, आणि तो एक डबा कुंपणात गेलाच नसता.

अधीक्षकबाईंच्या टेबलावर मी रजिस्टर ठेवलं तेव्हा तीन वाजले होते. बाई नव्या आहेत, वागायला सरळ आहेत. त्यांनी दोन्ही शब्द भिंगातून बघितले.

"मला पटतंय," त्या म्हणाल्या. "पण साठांतलं नेमकं कुठलं? मशिन मी नाही थांबवू शकत. नळ सगळ्या वस्तीचा आहे. झाड दाखवा, मी ते उचलून दुसरीकडे लावते. नाही दाखवता आलं, तर साठच्या साठ जाणार."

मी रांगेशी गेले. खोदाईवाल्यांचा मुकादम तिथे पांढऱ्या फक्कीने रेघ मारत होता. गोल पोटाचा, कानावर पेन्सिल खोचलेला माणूस. "ताई, रेघ पुसू नका हं, पाय जपून," एवढं म्हणाला आणि रेघ मारत पुढे गेला.

आयुष्यात पहिल्यांदा मी तगरीचं फूल डोळ्यांजवळ धरलं. पाकळ्यांच्या कडा किंचित चुरगळलेल्या, आणि प्रत्येक पाकळी शेजारणीच्या खांद्यावरून डोकावणारी, सगळ्या एकाच बाजूला. बरणीचं झाकण उघडताना हात जसा वळतो तशा. दुसरं फूल धरलं. तसंच. तिसरं, चौथं, विसावं. एका झुडपावर दोन-दोनशे फुलं, आणि एकही वळण चुकलेलं नाही. कुणी शिकवलं ह्यांना? कुणी उभं राहून एकेकीला सांगितलं की बाई, ह्याच बाजूला वळ? मी अकरा हजार नावं लिहिली होती आणि ह्या एका गोष्टीकडे कधी मान वळवून बघितलं नव्हतं. 

दहाव्या झुडपाशी मला उलटं फूल सापडलं. मी ओरडलेच. मुकादम धावत आला. त्याने फूल बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि फूल हळूच फिरवून माझ्यासमोर धरलं. मी ते मागून बघत होते. मागून बघितलं की भिरभिरं उलटंच दिसतं. पुढे आणखी तीन वेळा मी तशीच फसले. साडेचारपर्यंत माझं डोकं इतकं गरगरलं की सुलट काय आणि उलट काय हेच कळेना. रांगेतली झुडपं एकमेकांत घुसलेली होती. ह्याची फांदी त्याच्यात, त्याची तिसऱ्यात. मी हात टेकले.

मग घरी गेले. अप्पा खिडकीत बसले होते.

"अप्पा, बागेत चला. तुमचं झाड शोधायचंय."

"कशाला?" ते म्हणाले. "माझं हसं करून पोट भरलं नाही का लोकांचं?"

"उद्या सात वाजता ती रांग काढतायत."

 खिडकीच्या गजावर त्यांची बोटं हलत राहिली.

"अडीच महिने कुणी कातरलेलं नाही," मी म्हणाले. "रांग फुललीय, अप्पा. सगळीच्या सगळी."

अप्पा उठले. मी पायात चपला सरकवून देईपर्यंतसुद्धा थांबायला तयार नव्हते.

वाटेत मी त्यांना पेचबद्दल सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं आणि गिळलं. आधी झाड सापडू दे, मग सांगू, असं म्हणाले स्वतःला. भित्री माणसं असंच म्हणतात.

रांगेच्या टोकाशी अप्पांनी काठी माझ्याकडे दिली. हात पुढे करून फुलांवर टेकवले, मग वर, आणखी वर नेले. म्हणाले, "एवढी?"

"एवढी."

"कळी दे. उमलायच्या आदल्या दिवसाची, टपोरी. प्रत्येक झाडाची एक. तोडू नकोस, फांदी वाकवून हातात दे."

मी फांदी वाकवली. त्यांनी कळीचं टोक चिमटीत धरलं आणि किल्ली फिरवावी तसं अगदी हळू, बरणी उघडायच्या बाजूला फिरवलं. कळी सैल पडली. "तेच," ते म्हणाले. दुसऱ्या झुडपाची कळी दिली. फिरवली. "तेच." तीन फूट चालले. "तेच."

मुकादमाने फक्कीची पाटी खाली ठेवली होती. "काय करतायत आजोबा?" त्याने मला कुजबुजत विचारलं.

"उघडायच्या बाजूला फिरवलं की साध्या तगरीची कळी सुटते. आपल्याला हवी आहे तिची आवळेल."

"आणि ते बोटांना कळतं?"

"बघा ना तुम्हीच."

त्याने शेजारची एक कळी धरली, फिरवली, चुरगळून टाकली. दुसरीही चुरगळली. मग हात पँटला पुसून मागे सरकला. अप्पांच्या चिमटीत एकही कळी मोडली नव्हती. त्यांची ती जाड, भेगाळलेली बोटं मी जन्मापासून बघत आले होते. त्यांत एवढं काही राहत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. डोळ्यांनी दुपारभर जे मला दिसलं नाही ते हा माणूस चिमटीत वाचत चालला होता. वीस, तेच. तीस, तेच. आम्ही दोघं त्यांच्या मागून, आवाज न करता, एकेक पाऊल सरकत होतो.

रांग संपली. शेवटची कळी सैल पडली.

"तेच," अप्पा म्हणाले आणि हात खाली सोडला.

 मुकादमाने फक्कीची पाटी उचलायला घेतली. "असू दे, आजोबा," तो म्हणाला, "एवढ्या वर्षांत मेलं असेल."

"किती झाली?" अप्पांनी विचारलं.

"साठ. मी मोजली."

"एकोणसाठ झाली. एका झाडाची कळी तू मला दोनदा दिलीस."

"नाही हो अप्पा, पुढे सरकून सरकून दिल्या की."

"तेहेतिसाव्या वेळी फांदी ओढलीस तेव्हा मागचं झाड हललं. माझ्या कोपराला लागलं. पुढचं हलायला हवं होतं." त्यांनी काठी मागितली. "बत्तिसाव्यापाशी चल. तेहेतिसाव्या जागी जे आहे, त्याची कळी मला मिळालेली नाही."

बत्तिसाव्यापाशी नुसती गर्द हिरवी भिंत होती. मी साडीचा पदर खोचला आणि रांगेखाली शिरले. पन्नाशीची बाई, ऑफिसची साडी, गुडघे चिखलात. मुकादमाने मागून मोबाईलचा उजेड धरला. खोडं मोजत गेले. एकतीस, बत्तीस, दोन्ही मनगटाएवढी. मग तीन फुटांवर, दोन्हीकडच्या दाट फांद्यांखाली दबलेलं, अंगठ्याएवढं एक खोड. वर जायला वाव नाही म्हणून ते आडवं भिंतीकडे गेलं होतं आणि भिंतीच्या आधाराने उभं राहिलं होतं. जागोजागी कातरीचे जुने व्रण होते. सत्तावीस वर्षं ह्याने कातर सोसली, सावली सोसली, आणि तरी ते होतं.

मी भिंतीला पाठ घासत उभी राहिले. फांदी माझ्या खांद्यापाशी होती. वर तीन फुलं, दोन कळ्या, आणि फुलांची तोंडं भिंतीवर पडलेल्या उजेडाकडे. मला दिसत होत्या त्यांच्या पाठी. बरणी उघडायच्या बाजूला वळलेल्या पाकळ्या. साध्या तगरीसारख्याच. तेच.

डोळ्यांत पाणी आलं. एवढं करून तेच! मग आठवलं, दुपारभर मी कशाला फसत होते ते. मी पाठ बघत होते. श्वास धरून मी भिंतीला गाल टेकवला, मान वाकवली आणि फुलाच्या समोर तोंड नेलं.

पाकळ्या दुसऱ्या बाजूला वळल्या होत्या.

मला नीट सांगता येणार नाही ते. एक साधं पांढरं फूल होतं, बाहेरच्या हजारोंसारखंच. पण त्या हजारोंनी एक बाजू धरली होती आणि ह्याने एकट्याने, भिंतीकडे तोंड करून, कुणी बघत नसताना, आपली बाजू धरून ठेवली होती. दुपारभर उघडणारी बरणी बघून बघून माझे डोळे इतके सवयीचे झाले होते की ते फूल बघताना जग क्षणभर दुसऱ्या दिशेला फिरतंय असं वाटलं. मी हात जोडले. कुणाला ते माहीत नाही.

"ताई?" मुकादमाचा आवाज आला. "आहे का?"

 मी फांदी हळूहळू वाकवत बाहेरच्या बाजूला काढली आणि कळी अप्पांच्या हातात दिली. त्यांनी टोक चिमटीत धरलं. फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं.

"आवळली," ते म्हणाले.

मुकादमाने डोक्यावरची टोपी काढली. अप्पा कळी धरूनच उभे राहिले. मग त्यांनी पानावरून हात फिरवला, फांदीवरून, कातरीच्या व्रणांवरून, एकेक व्रण मोजल्यासारखा. "लई कापलं रे तुला," ते म्हणाले.

तेव्हा मी सांगून टाकलं. रांगेखालून डोकं बाहेर काढून, केसांत पाचोळा असताना. "अप्पा, चूक माझी होती. तुम्ही पेच लिहिलं होतं. मी तेच वाचलं."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"रोज संध्याकाळी घरी वाचून दाखवायचीस ना, आज किती ओळी झाल्या ते. एकेचाळीस, तेच, म्हणालीस. मी म्हटलं, ऑपरेशन होऊन येतो, मग दुरुस्त करू. घाई काय! आलो तर रांग लागून गेलेली."

"मग साहेबांपुढे का बोलला नाहीत? जुनं रजिस्टर तिथेच तर होतं."

"तुझा तिसरा महिना चालू होता. नोकरी पक्की व्हायची होती. एकही खाडाखोड नाही म्हणून साहेब नाचत होते. मी बोललो असतो तर पहिली खाडाखोड मीच केली असती."

"पण पक्की झाल्यावर? सत्तावीस वर्षं, अप्पा!"

त्यांनी कळी सोडली. फांदी सावकाश आपल्या जागी गेली.

"नंतर तू पण हसायला लागलीस," ते म्हणाले.

खरं होतं. एकदा ऑफिसच्या दारात कुणीतरी उलटे अप्पा म्हणालं आणि मी हसले होते. एकदाच नाही. चारचौघांत मिसळायचं म्हणून कितीतरी वेळा हसले होते, आणि अप्पा जवळच फाटकाशी बसलेले असायचे. डोळे गेलेल्या माणसाला हसू कुणाचं आहे ते लगेच कळतं. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. मुकादम भल्या माणसासारखा दूर जाऊन आपली फक्की बघत राहिला.

"ऊठ," अप्पा म्हणाले. "मुळं किती खोल गेलीत ते बघायचंय अजून."

सकाळी साडेसहाला अधीक्षकबाई आल्या. मी त्यांच्या एका तळहातावर साधं फूल ठेवलं आणि दुसऱ्यावर ते. त्या एकदा इकडे बघायच्या, एकदा तिकडे. मशिनवाला इंजिन चालू करून बसला होता, त्याला त्यांनी हातानेच गप केलं. "मी रोज ह्या रांगेशेजारी गाडी लावते," एवढंच त्या म्हणाल्या, तेही स्वतःशीच. मुकादमाने मशिनला हात लावू दिला नाही. फावडं घेऊन स्वतः उकिडवा बसला आणि अप्पा सांगतील तसं, बोटभर माती सोडत सोडत, खोडाभोवतीचा अख्खा गोळा मोकळा केला. गोणपाटात बांधून आम्ही तो चौघांनी उचलला. ऑफिससमोरच्या वाफ्यात, जिथे सगळ्यांची नजर पडेल अशा जागी, खड्डा तयार होता.

माझ्या रजिस्टरात एकेचाळिसाव्या ओळीवर मी लाल शाईने रेघ मारली. सत्तावीस वर्षांतली पहिली खाडाखोड. वर दुरुस्त शब्द लिहिला, अप्पांसारखी गिरकीही काढली आणि खाली सही केली. बाई म्हणाल्या, नावाचं काय ते जाणकारांना विचारून ठरवू, तोवर पाटीवर अप्पांचाच शब्द लिहा.

अप्पा वाफ्याच्या कडेला बसून झाडाला झारीने पाणी घालत होते. मी शेजारी पाटी आणि ब्रश घेऊन बसले. 

"लिहितेस ना?" त्यांनी विचारलं.

"लिहिते."

"बरं," अप्पा म्हणाले. "ह्या वेळी प नीट काढ."